कौशल्येच्या माहेरची आंबील

घरात कुणी ज्वारीचे पीठ चाळायला घेतले, की अजूनही माझ्या पोटात काहीतरी फसफसल्यासारखे वाटते. खरे तर माझ्या पोटात आता काहीच नाही. काठाला मोठा तडा गेला आहे आणि बाळापूरच्या एका घरात मी फळीवर पालथी पडून असते. मित्रांनो, मी आंबिलीची हंडी. मातीची, काळसर, गळ्याशी जराशी वाकडी. मला चाकावरून उतरवताना नत्थुजी कुंभाराला शिंक आली, म्हणून ही वाकडी मान.

त्या मानेमुळे बाजारात मला कुणी हात लावेना. शेवटी भगवंतराव पाटलांच्या नव्या सुनेने, कौशल्येने, मला उचलले. टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, "मान वाकडी असली त असो. पोटाची सच्ची हाय." ओंजळभर ज्वारी नत्थुजीच्या पदरात पडली आणि मी तिच्या डोक्यावरून तिच्या सासरी गेले.

कौशल्येचे माहेर मोर्शीकडे, बैलगाडीने चार-पाच दिवसांच्या वाटेवर. निघताना तिच्या आईने, मैनाबाईने, वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात तिला घरचे आंबवण भरून दिले होते. ते कौशल्येने माझ्यात ओतले. तिन्हीसांजेला ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून ती माझ्यात ठेवायची. उजाडेपर्यंत ते आंबायचे. मग पातेल्यात ओतून त्यात ठेचलेला लसूण, जिरे, मीठ घालून ती शिजवायची. मी स्वतः चुलीवर कधी चढले नाही. माझ्या तळाशी पळीभर आंबवण रोज ठेवायचे, त्यावरच दुसऱ्या दिवशीचे पीठ आंबायचे. मला राखेने घासायचे नाही, काठ तेवढा ओल्या फडक्याने पुसायचा. असे करता करता मैनाबाईच्या घरचा आंबटपणा माझ्या मातीत मुरला.

काय त्या सकाळी होत्या! शिळी भाकर कुस्करायची, त्यावर वाफाळती आंबील, बाजूला जवसाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कधी आंबिलीऐवजी कण्या आणि ताक, कधी ज्वारीचे धिरडे. पण भगवंतरावांना आंबील नसली तर न्याहारी झाल्यासारखी वाटत नसे. ते फुर्र फुर्र आवाज करत पीत आणि सुनेला चिडवत.

"सूनबाई, तुह्या आईच्या हाताले एवढी चव हाय. जिभेलेही असंन?"

"नाही मामंजी. जीभ तिची तिखट हाय."

"मंग बरं झालं, हातच आला इकडं."

पुढच्या वर्षी मोर्शीहून निरोप आला, मैनाबाई गेली. कौशल्या तिथे पोचली तेव्हा तेरावा होऊन गेला होता. रिवाजाप्रमाणे तिकडच्या घरातली मातीची भांडी फोडून टाकली होती, त्यात आंबिलीची हंडीही गेली. इकडे सासरी, दोन घरांमधल्या मातीच्या भिंतीपलीकडे रजियाबी राहायची, विणकर अब्दुल रहीमची बायको. परत आल्यावर कौशल्या तिला म्हणाली, "माही आई आता या वाकड्या हंडीतच उरली वं."

मग ते कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी मोठे युद्ध लागले, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हता एवढा भाव आला. कौशल्येचा नवरा खुशालराव म्हणाला, यंदा बांधापासून बांधापर्यंत कापूसच पेरायचा.

भगवंतराव तेव्हा आजारी, खाटेवरच होते. "अन् सकाळी काय खाशीन? रुई भिजवून पेशीन?"

"आबा, ज्वारी इकत आनू. गहू आनू. रोज पुऱ्या खा."

"पुऱ्या तू खाय. मले माही आंबील पाहिजे."

ज्वारी वाण्याकडून येऊ लागली, तीही फक्त म्हाताऱ्यासाठी. घरातल्या बाकीच्यांसाठी सकाळी पुऱ्या आणि साखरेचा शिरा होऊ लागला. दलाल यायचे, ओसरीवर बसायचे. त्यांच्यासमोर आंबील वाढायची खुशालरावाला लाज वाटे. भिंतीपलीकडे मात्र उलटे झाले. सगळा कापूस गाड्यांतून बाहेर जाऊ लागला, रहीमच्या मागाला सूत मिळेना. त्याच्या घरात एक वेळची चूल पेटायची, ती सकाळची.

पुढच्या उन्हाळ्यात भगवंतराव गेले.

सुतक फिटले त्या दिवशी त्यांची बहीण गंगूबाई चुलीपुढे उभी राहिली. ती लहान वयात विधवा होऊन भावाकडेच राहिलेली होती, आणि घरातला रिवाज तिच्या शब्दाबाहेर नव्हता. "सूनबाई, मातीचं सारं पाटीत भर. पांदणीत नेऊन फोडून ये."

"आत्याबाई, एक हंडी..."

"काहून? एका हंडीले सुतक नसते काय?"

कौशल्येने आम्हाला पाटीत भरले. घरामागून शेताकडे जाणाऱ्या त्या पांदणीत एकेक मडके दगडावर आपटले. माझी पाळी आली तेव्हा तिने मला दोन्ही हातांनी वर उचलले. माझ्या तळाशी पळीभर आंबवण तसेच होते. तिने मला खाली आणले आणि कुंपणाला टेकवून ठेवले. फोडवेनाही आणि घरी नेताही येईना, अशी ती उभी राहिली.

रजियाबी गवऱ्या घेऊन तिथून चालली होती. थांबली. म्हणाली, "कौसल्या, मले दे."

"सुतकातली हाय वं."

"आमच्यात नाही धरत ते. माह्याकडं राहीन, जिवंत राहीन."

"पन मंग मले कधी..." कौशल्येने वाक्य पुरे केले नाही. रजियाबीला ते कळले. त्या काळी मुसलमानाच्या घरचे शिजलेले, पाणी लागलेले पाटलाच्या घरी चालत नसे. मी जिवंत राहणार होते, पण तिच्यासाठी नाही.

रजियाबीने मला मधल्या भिंतीलगत, चुलीच्या बाजूला ठेवले. दोन घरी दळण करून ती ज्वारी मिळवायची. रहीम आंबील पिऊन रिकाम्या मागापुढे बसायचा. रोज सकाळी वास भिंतीवरून पलीकडे जायचा, आणि रोज सकाळी पलीकडे बांगड्या वाजायच्या, तिथेच थांबायच्या. कौशल्या भिंतीशी येऊन उभी राहायची. बोलायची नाही. मला तिच्या हाताची इतकी सवय होती, की तिचा श्वासही मी ओळखत असे. तिने नवी हंडी आणली होती, ताक घालून पीठ आंबवले होते. एकदाच काय ते रजियाबीला म्हणाली, "आंबट झालं वं. पन दुसऱ्याच कोनाच्या घरचं झालं."

अशी दोन वर्षे गेली. सातासमुद्रापलीकडचे युद्ध थांबले, कापसाचा भाव उतरला, खुशालरावाने निम्म्या रानात पुन्हा ज्वारी टाकली. आणि कौशल्येला दिवस गेले.

तिला सकाळी काही पोटात ठरेना. पुरी नको, कण्या नको, चिंच दिली तर तीही उलटून पडे. भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू यायचे. गंगूबाई विचारून विचारून थकली. "डोहाळा सांगत काहून नाहीस? पोटच्याले उपाशी ठेवतं काय?" कौशल्या म्हणे, "काही नाही आत्याबाई." तिसरा महिना सरत आला, ती वाळून चालली होती. वैदू म्हणाला, असेच राहिले तर बाळ राहायचे नाही.

एका सकाळी भिंतीशी बांगड्या वाजल्या, आणि पाठोपाठ काठी वाजली. गंगूबाई तिच्या मागोमाग आली होती. मग गंगूबाईने भिंतीवरून हाक मारली.

"रजिया, वं रजिया! ते वाकडी हंडी तुह्याकडं हाय नं?"

रजियाबी घाबरली. "हाय आत्याबाई. फेकलेली होती..."

"फेकलेली नाही, ठेवलेली. मी काय बहिरी हाय? पाच मडके होते, फुटल्याचा आवाज चारदा आला. पळीभर आंबवण दे मले."

"तुमच्यात चालंन?"

"पीठ कच्चं हाय. शिजवू आमी आमच्या चुलीवर."

रजियाबीने पळी हातात घेतली, पण ती खोटे बोलणारी बाई नव्हती. "आत्याबाई, पीठ कच्चं हाय, पन पानी त माह्या आडाचं हाय."

गंगूबाईची काठी जमिनीवर सरकली. पलीकडे कौशल्येचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. आता ही काठी वळेल आणि परत जाईल, असे मला वाटले.

"तुह्या आडात झरा येते तो आमच्याच आडाखालून येते," गंगूबाई शेवटी म्हणाली. "तिथं खाली कोनं भिंत घातली काय? दे."

माझ्यातले आंबवण पळीतून वाटीत गेले, वाटी भिंतीवरून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पलीकडे लसणाचा वास सुटला. मग फुर्र असा आवाज आला. एकच. मग कौशल्येचा रडवेला आवाज: "आत्याबाई, उद्याही मागता काय?"

"मी काहून मागू? तोंड हाय नं तुले? माहे गुडघे दुखते. तूच जाय भिंतीशी अन् माग."

मी पुन्हा त्या घरी गेले नाही. कौशल्येचा हात माझ्या काठाला परत कधी लागला नाही, त्याची हुरहूर अजून आहे. पण त्यानंतर दर तिन्हीसांजेला भिंतीवरून तिचे ज्वारीचे पीठ येत असे, आणि रजियाबी आपल्या आडाचे पाणी घालून ते माझ्यात कालवत असे. सकाळी एक वाटी इकडे, एक तिकडे. बाळ झाले, मुलगी. तिच्या ओठाला पहिली चव लावली ती त्याच वाटीतली.

मित्रांनो, तुमच्याही घरी सकाळचे काहीतरी असेल, जे एकाच माणसाच्या हातचे लागते. कसे करतात ते त्याला विचारा, शेजारी बसून पाहा, हवे असेल तर तोंडाने मागा. कौशल्या दोन वर्षे भिंतीशी गप्प उभी राहिली. तेवढे तुम्ही उभे राहू नका.