साठाच्या खाली

पूर्वी हेल्वीला राग आला की तोंडाचा पट्टा सुटायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली चार बाया होत्या आणि समोर दोनशे पोरं. गुरुवारचं वाटाण्याचं सूप कुणी गुपचूप कचऱ्याच्या डब्यात ओतताना दिसलं, की तिचा आवाज तळ्यापल्याड ऐकू जायचा म्हणे. आता राग तसाच यायचा, कढ येऊन, झाकण थडथडवत. पण झाकण उघडायचं नाही. आठ महिन्यांपूर्वी तिच्या डोक्यात रक्त सांडलं, आणि जाता जाता त्या रक्ताने बोलण्याच्या दाराला बाहेरून कडी घातली.

गाणं यायचं. पाळण्याचं, चर्चमधलं, जात्यावर बसून आजीच्याही आजीने म्हटलेलं. सगळं अख्खं, सुरासकट, दुधासारखं वाहत यायचं. शेजारणी डोळे पुसायच्या, म्हणायच्या, "किती गोड बाई." हेल्वीला त्या गोडाचाच संताप यायचा. गाणं दुसऱ्याने बांधलेलं. तिला आपलं हवं होतं. फार नाही, 'दार लाव, गार वारा येतोय' एवढं.

मोठ्या इस्पितळात तेव्हा एक प्रयोग चालू होता. डोक्यावर टोपी घालायची, टोपीत चुंबकाची वेटोळी, ती टिकटिक करत डोक्याच्या डाव्या अंगाला झटके देणार, आणि मेंदू असा जागा केला की लगेच चित्रं दाखवून शब्द म्हणायला लावायचे. निम्म्या रोग्यांना खरे झटके मिळणार, निम्म्यांना नुसती टिकटिक. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं आणि पाकिटात बंद. बोलणं शिकवणाऱ्या व्हेन्लालाही ठाऊक नव्हतं.

बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, जाऊन-येऊन एकशे चाळीस किलोमीटर. बर्फ पडत होता तेव्हा सुरू झालं, तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा संपलं. आणि मधल्या दिवसांत घरी हेल्वी भांड्यांच्या फळीसमोर उभी राहायची. पातेलं. चाळणी. झारा. एकेक शब्द ती खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर ओढायची. निम्म्या वाटेवर दोर सुटायचा, की पुन्हा पहिल्यापासून. उजवा हात लुळा, म्हणून डाव्या मुठीने फळीवर ठोका धरायची. शब्द आले. तीस आले, ऐंशी आले.

"टोपीचा गुण आहे," नवरा काउको म्हणायचा. "बघ, टोपीचाच गुण."

मे महिन्यात पाकीट उघडलं. डॉक्टर होप्पूंनी चष्मा वर ढकलला आणि काउकोला सांगितलं, "हिच्या वाट्याला नुसती टिकटिक आली होती."

काउकोला. खुर्चीत बसलेल्या हेल्वीला नव्हे.

"म्हणजे आम्ही हिवाळाभर घड्याळ ऐकायला येत होतो?" काउको म्हणाला.

"पण आता अशांना खरे झटके देणार आहोत. मशीन एकच आहे, माणसं पुष्कळ, म्हणून नियम केलाय. उद्याच्या परीक्षेत शंभरापैकी साठाच्या खाली असेल त्यालाच. वर असेल त्याचं चाललंय म्हणायचं." होप्पू खोटं बोलणारे नव्हते, म्हणून पुढचंही बोलले. "आणि उपयोग होईलच असं मी सांगत नाही. तेच तर शोधतोय."

मागच्या खेपेला हेल्वीला चौपन्न पडले होते, आणि त्यानंतर शब्द वाढलेच होते.

दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी काउकोने तिला इस्पितळाच्या उपाहारगृहात बसवलं, तिची वेलचीची पावरोटी तोडून दिली आणि आजूबाजूला पाहिलं. ज्या माणसाने परवान्याशिवाय तळ्यात कधी गळ टाकला नाही, तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता.

"आज थोडी गप्प बस," तो म्हणाला. "चारदोन चित्रं सोडून दे. येत असली तरी."

हेल्वीने त्याच्याकडे पाहिलं.

"तीस वर्षांत तुला गप्प बस म्हणायची माझी छाती झाली नाही. आज म्हणतो. मशीन मिळू दे, मग बोल आयुष्यभर, मी कानात कापूस घालीन."

तिला हसू आलं नाही. मशीन मात्र तिलाही हवं होतं, जीव टाकून हवं होतं. ऐंशी शब्दांत स्वयंपाकघर चालत नाही. भांडणही होत नाही. तिने मान हलवली.

व्हेन्लाने चित्रं मांडली. हातोडा आला, हेल्वीने ओठ मिटले. घुबड आलं. घुबड तिच्या जिभेवर येऊन पंख फडफडत बसलं, तिने ते गिळलं. आठ महिने ज्या शब्दांसाठी भिंतीवर डोकं आपटलं, त्यांना उंबऱ्यावरून हाकलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काउको भिंतीला टेकून आपल्या बुटांकडे बघत होता.

"आता शेवटचं," व्हेन्ला म्हणाली. "पाच मिनिटं. मनातलं काहीही बोला. आपलं आपण जोडलेल्या वाक्यांना गुण आहेत." तिने घड्याळ लावलं.

हेल्वी गप्प. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. तेवढ्यात होप्पू आत आले, हातात कागद, आणि काउकोजवळ जाऊन उभे राहिले.

"हिची झोप कशी आहे?"

"बरी आहे."

"रडते का?"

"कधीमधी."

"चिडचिड? घरी हात वगैरे उगारते का? नाही, असतं हो असं या लोकांचं."

या लोकांचं. हेल्वीच्या पोटातून काहीतरी उठलं. विहिरीतून ओढून आणलेलं नव्हे ते, विहीरच उठली.

"मला विचारा," ती म्हणाली.

होप्पू वळले.

"मी इथं बसलेय. मला… विचारा. त्याला नाही. मी रडत नाही. चिडते. तुमच्यावर चिडते." तिची डावी मूठ टेबलावर पडत होती, एकेका शब्दाला एकेक ठोका. "बारा आठवडे. खोटी… टिकटिक. शब्द माझे. मी आणले. मी. फळीजवळ. तुम्ही… तुम्ही नाही."

घड्याळ वाजलं.

व्हेन्लाने मान खाली घालून बेरीज केली आणि पुसट आवाजात म्हणाली, "चित्रांचे धरून पन्नासच होत होते. हे धरलं तर त्रेसष्ट."

होप्पूंनी कागद खाली ठेवला. "मी काउकोला विचारायला नको होतं," ते हेल्वीला म्हणाले. तिने मान वळवली.

"धरू नका," काउको पुढे आला. "राग आला होता तिला. रागातलं कशाला धरायचं? पोरी, तू म्हण, ही वेळ संपल्यावर बोलली."

व्हेन्लाने पेन उचललं ते तसंच धरून ठेवलं. "शेवटचं घाईत झालं. मला नीट ऐकू आलं नाही असं मी लिहू शकते," ती होप्पूंकडे न बघता म्हणाली.

"ऐकलंस… ते लिही," हेल्वी म्हणाली.

"हेल्वी, लिहिलं तर मशीन मिळणार नाही. कळतंय ना?" व्हेन्ला म्हणाली.

"कळतं. लिही. सगळं." आणि पेन हलत नाही असं पाहून तिने व्हेन्लाचं मनगट धरलं आणि कागदावर टेकवलं. "ठोक्यासकट… लिही."

काउकोने तिला गाडीत बसवलं. इंजिन सुरू केलं आणि मग बोलला, समोरच्या काचेशी.

"एक दिवस. एक दिवस तुला तोंड बंद ठेवता आलं नाही."

"नाही."

"मी खोटेपणा केला तिथं. मी. त्या पोरीला खोटं बोलायला लावत होतो. कुणासाठी?"

"कुणा… साठी?"

"हे काय विचारणं झालं?" त्याचा आवाज फाटला. "त्या शनिवारी तू म्हणालीस, डोकं दुखतंय, सौनाच्या वाफेत बसले की जाईल, कुणाला फोन करू नको. आणि मी शहाणा, लाकडं घालत बसलो. चार तास. चार तास मी सौना तापवत होतो, आणि तुझ्या डोक्यात… ते मशीन मिळालं असतं, तर मला…" तो थांबला.

"तुला," हेल्वी म्हणाली.

त्याने गिअरला हात घातला.

"तुला हवं. मशीन. डोकं माझं." तिने मूठ आपल्या छातीवर मारली. "दुखणं माझं. फोन नको म्हणाले, मी म्हणाले. तेही… माझं. तेही तू… घेतलंस. आठ महिने. तोंड पाडून फिरतोस. मला… सूप भरवतोस. मेल्यासारखा. मी भांडू कुणाशी?"

काउकोने तोंडावरून हात फिरवला. हात ओला झाला तो त्याने पँटला पुसला. मग गाडी मागे घेण्यासाठी वळून पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "अजून आहे. संपलं… नाही."

त्याने इंजिन बंद केलं.

हेल्वी पुढचा शब्द शोधत होती. तो येत नव्हता. मागून एक गाडी भोंगा वाजवून जागेसाठी ताटकळली, काउकोने काचेतून हात हलवून तिला पुढे जायला सांगितलं. शब्द आला, अर्ध्यात तुटला. तिने डॅशबोर्डवर मूठ टेकवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.