कलता ओटा

होडी दोन अंगांची घ्यावी की एका अंगाची, यावरून समुद्रापासून इतक्या लांब, कर्वेनगरातल्या एका तिसऱ्या मजल्यावर दोन वर्षं खल चालला होता, हे बाहेर कुणाला सांगून पटलं नसतं. सोसायटीत मात्र सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. पहिल्या मजल्यावरचे आप्पासाहेब जिन्यात भेटले की विचारायचे, "काय हो, पानशेत पुन्हा फुटणार अशी आतली खबर आहे का तुमच्याकडे?" गोपाळकृष्ण ते हसण्यावारी न्यायचे. सरोजिनीला राग यायचा, पण आप्पासाहेबांचा नाही. स्वतःच्या पायांचा.

गोपाळकृष्णांचं उभं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनाशेजारी गेलं. सरोजिनीने इकडे शाळेत गणित शिकवलं, लेकीला, हेमाला, वाढवलं, सासूचं सगळं केलं आणि नवरा पाहुण्यासारखा आला-गेला तो पाहिला. निवृत्त झालो की शिडाची होडी घेऊन दोघांनीच जग हिंडायचं, असा शब्द त्यांनी तिला लग्नानंतर लगेच दिला होता. त्या एका शब्दावर तिने इतकी वर्षं काढली. आता ही बाई भोळी होती असं कुणी म्हणेल, म्हणू दे. दुसरं काही हाताशी नसलं की माणूस शब्दच धरून बसतो.

निवृत्ती आली आणि तिच्या पाठोपाठ सरोजिनीचा आजार आला. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग झिजत चालला आहे, असं डॉक्टर म्हणाले. थांबणार नाही, फार तर सावकाश होईल. सपाट फुटपाथवरही ती झोकांड्या खायची. लोक वळून बघतात म्हणून तिने लक्ष्मी रोडला जाणंच सोडलं.

होडीचा वाद खरा पेटला तो तिथून. कॅटामरान, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेल्या दोन अंगांची होडी, पाण्यावर पाटासारखी सपाट बसते. तिच्यावर सरोजिनी धरून धरून वावरू शकली असती. पण भर समुद्रात ती उलटली तर उलटीच राहते. मोनोहल, म्हणजे एका अंगाची. तिच्या पोटाखाली जड वजन असतं, त्यामुळे ती आडवी झाली तरी बहुधा पुन्हा उभी राहते. मात्र वाऱ्यावर चालताना ती दिवसचे दिवस एका बाजूला कललेली असते, आणि त्या उतारावरच रांधायचं, जेवायचं, निजायचं. आधी गोपाळकृष्ण कॅटामरानच म्हणत होते. या दिवाळीपासून मात्र ते जेवताना वादळांच्या गोष्टी सांगू लागले.

"कॅटामरान मी नेणार नाही," एक दिवस ते म्हणाले. "उलटली तर तुला बाहेर काढणार कोण?"

"मग मोनोहल घ्या. मी कुठे नाही म्हणतेय?"

"तिच्यावर तुला उभंसुद्धा राहता येणार नाही, सरोज."

"ते बघू की."

बघायचं म्हणून त्यांनी सुताराकडून गच्चीवर एक लाकडी चौथरा करून घेतला. एका बाजूने चांगला उचललेला, वर छोटा ओटा, ओट्यावर गॅसची शेगडी, कडेला धरायला दांडी. रविवारी त्यावर चहा करून दाखवायचा, असं ठरलं. जमलं तर दोघांनी जायचं. नाही जमलं तर तिने हेमाकडे राहायचं, त्यांनी एकट्याने निघायचं, आणि ते बंदराला लागतील तिथे तिने विमानाने जाऊन भेटायचं.

"म्हणजे मी पुन्हा वाट बघायची," ती म्हणाली.

दुपारी गोपाळकृष्ण आडवे झाले की त्यांना पुण्यातल्या दुकानांसारखं चारपर्यंत कुणी उठवू शकत नसे. सरोजिनी तेवढ्यात कठडा धरून गच्चीवर जायची. पहिले दोन दिवस ती नुसती पडली. पातळाखाली मांड्या काळ्यानिळ्या झाल्या आणि एकदा तर ती तिथेच बसून रडली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की कंबर ओट्याला घट्ट टेकवली, पाय फाकवले आणि नजर समोरच्या टेकडीवर ठेवली की उतारच आपल्याला धरून ठेवतो. सपाट जमिनीवर तिला असा आधार कुठेच मिळत नव्हता. शनिवारी पातेलं न कलंडता पाणी उकळलं, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तो सांगायला गच्चीवर कुणी नाही याचं वाईट वाटलं.

रविवारी सकाळी गोपाळकृष्ण खुर्ची टाकून समोर बसले. ती चौथऱ्यावर चढली. कंबर टेकवली, आलं किसून टाकलं, दूध ओतलं. एक थेंबही बाहेर गेला नाही. तिने चहा गाळला, कप हातात घेतला आणि हसून मान वर केली.

त्यांचा चेहरा पडला होता.

क्षणभरच. लगेच त्यांनी तो सावरला. पण इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला तेवढं पुरतं. सुट्टी मिळणार म्हणून दप्तर भरून बसलेल्या पोराला तास होणार आहे असं सांगितलं, की त्याचं तोंड असंच होतं. वादळ, उलटणं, तिच्या जिवाची काळजी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्यातलं काहीच उरलं नाही. होडी कोणतीही असो, त्यांना ती एकट्यासाठी हवी होती. ते त्यांचं त्यांनाही कदाचित नीट कळलेलं नसेल. नाही तर हा चौथरा त्यांनी करून घेतलाच नसता.

"वा," गोपाळकृष्ण म्हणाले. "जमलं की तुला."

सरोजिनीने नजर पुन्हा टेकडीकडे नेली नाही. कंबर ओट्यापासून सोडवली. मग दांडीवरचा हातही सोडला, आणि उताराने तिला खाली नेलं. कप फुटला, चहा पातळावर सांडला.

"नाही हो जमत," ती खालूनच म्हणाली. "तुम्ही जा. मी राहते हेमाकडे."

ते धावत आले. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उठवलं, लागलं का विचारलं, तिच्याच पदराने तिचा हात पुसला. कितीतरी महिन्यांत त्यांनी तिला इतक्या मायेने हात लावला नव्हता. खुर्चीत बसवून ते तिच्या पायाशी उकिडवे बसले आणि लागलेल्या गुडघ्यावर फुंकर घालत राहिले.

पुन्हा एकदा करून बघ, असं ते म्हणाले नाहीत.