बिननाडीचे बूट

जिन्यावरून कपाट चढवायला दोन माणसं लागतात आणि त्या दोघांचं काम सारखं नसतं. वरचा माणूस उलटा चालतो, पायऱ्या मोजतो, वळणावर दिशा सांगतो. खालच्याच्या अंगावर वजन असतं. कपाट तिरकं धरलेलं असल्यामुळे खालच्याला समोर नुसतं लाकूड नाहीतर पत्रा दिसतो. वरच्याला मात्र कपाटावरून खालचा माणूस दिसतो. थांबायचं कधी, हे खालच्याने सांगायचं. हा नियम आम्हाला कुणी शिकवला ते आठवत नाही, पण सामान हलवणारे सगळे तो पाळतात.

सव्वीस वर्षं मी खाली होतो आणि माझा धाकटा भाऊ वर. लोक मला जॅक म्हणतात, गाडीखाली लावतात तो. भावाला म्हणतात नाड्या, कारण त्याच्या बुटाची नाडी सुटते. एखाद-दोन मजले चढलो की सुटलीच म्हणून समजा. "दादा, टेकव जरा, नाडी सुटली," असं तो म्हणायचा. मग मी कपाट टेकवून त्याच्या नावाने शंख करायचा आणि या पठ्ठ्याने खाली वाकून निवांत गाठ मारत बसायचं. पंचेचाळिशी उलटली तरी याला बुटाची गाठ जमत नव्हती.

मी स्वतः सव्वीस वर्षांत एकदाही 'थांब' म्हणालो नाही. हे मी पाहुण्यांना सांगायचो, गिऱ्हाइकांना सांगायचो, जो ऐकेल त्याला सांगायचो. अगदी सुरुवातीला एकदा नाड्याने वरून विचारलं होतं, "दादा, थांबू या का?" मी गिऱ्हाइकासमोर त्याला नाही नाही ते बोललो आणि वर दोन दिवस अबोला धरला. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही.

या वर्षी त्याच्या वाढदिवसाला मी त्याला बूट दिले. चांगले चामड्याचे, बाजूला चेन असलेले, बिननाडीचे. खोक्यावर लिहिलं, 'आता बघू काय सुटतं ते.' घरात सगळे पोट धरून हसले. नाड्याही हसला, पण जरा उशिरा.

ते बूट घालून तो कामावर आला त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही एक लोखंडी कपाट चौथ्या मजल्यावर चढवत होतो. दुसऱ्या मजल्यावर माझ्या कमरेत चमक मारली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. वरून नाड्या एकेक पायरी मोजत होता, त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक येत होता. चौथ्या मजल्यावर कपाट जागेवर बसवलं, भिंतीला नीट टेकवलं आणि सरळ व्हायला गेलो तर होता येईना. गिऱ्हाईक बाई पाणी घेऊन आल्या. मी ओणवाच उभा राहून त्यांच्या पावलांकडे बघत म्हणालो, "ठेवा तिथेच."

मणक्यातली गादी सरकली होती. ऑपरेशनची गरज नाही, डॉक्टर म्हणाले, पण वेळ लागेल.

पहिले आठ दिवस मी फळीसारखा पडून होतो. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागायची. "जॅकलाच जॅक लावायची वेळ आली," असं म्हणत बायको मला उठवून बसवायची. मोजे तीच घालायची. पडल्यापडल्या मला एकच गोष्ट खात होती. एरवी चार वेळा थांबणारा माझा भाऊ नेमका त्याच दिवशी घोड्यावर बसून आला होता. एकदा जरी थांबला असता तर माझी कंबर वाचली असती. तो भेटायला यायचा तेव्हा मी भिंतीकडे तोंड करायचो. तो पायाशी बसून बायकोशीच बोलायचा.

"वहिनी, खातो का नीट?"

"माझं डोकं खातात. बाकी काही नाही."

नवव्या दिवशी मला व्यायामाच्या बाईंकडे नेलं. वय माझ्या मुलीएवढं, आवाज हेडमास्तरांचा. मला वाटलं होतं, ही अजून महिनाभर विश्रांती सांगेल. ती म्हणाली, "काका, आजपासून चालायचं. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा."

"दुखतंय अहो."

"दुखणारच. थोडं दुखलं म्हणजे काही मोडत नाही. पडून राहिलात तर पाठीत आहे तो जोरही जाईल. किती दुखतंय, दहापैकी सांगा."

"दोन."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमचं दोन म्हणजे सात. तोंडावर दिसतंय. इथे शूरपणा नको, मला खरा आकडा लागतो. नाहीतर मी तुम्हाला काय करायला सांगू?"

डोक्यात तिडीक गेली, पण उठून निघून जायचं तर उठता यायला हवं होतं.

मग सुरू झालं. पहिल्या दिवशी विजेच्या खांबापर्यंत गेलो. आठवड्याने औषधाच्या दुकानापर्यंत. शेजारची म्हातारी काठी टेकत मला मागे टाकून पुढे जायची, आणि जाताना "सावकाश हं" म्हणायची. सकाळी चटईवर पाठीवर पडून गुडघे उभे करायचे आणि कंबर उचलायची. मग रांगत्या बाळासारखं व्हायचं, एक हात पुढे, उलट्या बाजूचा पाय मागे. मी दोन माणसांचं वजन एकट्याने उचलणारा, मला स्वतःचा एक पाय हवेत धरता येत नव्हता. पहिल्यांदा जमला तेव्हा बायकोने आतून विचारलं, "काय पडलं?" मी म्हणालो, "काही नाही, हसतोय."

बाईंनी माझी सगळी विद्या मोडीत काढली. वाकायचं ते कमरेतून नको, खुब्यातून. उचलताना श्वास रोखायचा नाही, सोडायचा. सव्वीस वर्षं मी छाती फुगवून, दात आवळून, श्वास कोंडून वजन उचलत आलो होतो. "तुम्ही अजून चालताय हेच नशीब," ती म्हणाली. सातव्या आठवड्यात तिने हातात पाण्याने भरलेला डबा देऊन जिना चढायला लावला. आकडा विचारला. मी म्हणालो, "चार." खरंच चार होता. ती पहिल्यांदा हसली.

याच सुमारास नाड्या आला, हातात पिशवी घेऊन. या वेळी मी बसलेला होतो, भिंतीकडे वळायची सोय नव्हती.

"दादा, मला एका गोदामात नोकरी मिळतेय," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात कळवायचंय."

"आणि आपलं काम?"

"लिफ्टची कामं भाड्याच्या माणसाला घेऊन केली. जिन्याचं एकही घेतलं नाही. कुणाबरोबर घेऊ? लोक आता विचारतही नाहीत."

मी चिडलो होतो हे खरं, पण तो नसेल असं एकदाही मनात आलं नव्हतं. बायको आतून म्हणाली, "भाऊजी, महिनाभर थांबा." त्याने मान हलवली आणि जाताना पिशवी माझ्याकडे सरकवली. आत तेच बूट होते, चेनचे.

"तुला वाकून नाडी बांधायचा त्रास नको. माप एकच आहे आपलं."

नीट पुसलेले होते. तीन दिवसांच्या वर घातल्यासारखे वाटत नव्हते.

महिन्याने बाईंनी परवानगी दिली, पण अटीवर. वरचं टोक धरायचं. एका दिवसात एकच जिना. आकडा पाचवर गेला की थांबायचं. "वरचं टोक माझं नाही," मी म्हणालो. ती म्हणाली, "मग घरी बसा."

काम होतं एका निवृत्त शिक्षिकेचं. पुस्तकांचं सागवानी कपाट, रिकामं केलेलं, तिसरा मजला. वजन पेलायचे पट्टे आम्ही खांद्यावर चढवले, नाड्या खाली, मी वर. आम्ही दोघं कुणाच्या तरी दुसऱ्याच घरात शिरल्यासारखे उभे होतो. मी श्वास सोडला, उचललं आणि उलटं पहिलं पाऊल टाकलं. कंबर बोलली, पण तीनच्या आत.

"एक," मी मोजलं. "दोन."

पहिला मजला झाला. वळणावर मी दिशा सांगितली, तीही चुकीची, मग बरोबर. पुन्हा चढायला लागलो. आणि मी खाली बघितलं.

सव्वीस वर्षांत मी माझ्या भावाला वजन उचलताना पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? माझ्यासमोर कायम लाकूड. आता कपाटाच्या कडेवरून त्याचं तोंड पूर्ण दिसत होतं. दात आवळलेले. श्वास कोंडलेला. कान लाल, मानेची शीर टम्म फुगलेली. अगदी माझ्यासारखं धरलं होतं त्याने, माझ्याकडेच तर शिकला होता. दुसऱ्या मजल्याच्या चार पायऱ्या उरल्या होत्या आणि त्याचा डावा गुडघा एकदा लटपटला. तो थांब म्हणणार नव्हता. मला माहीत होतं की म्हणणार नव्हता. विचारलं असतं तर त्याला अपमान वाटला असता.

मजला आला तसं माझ्या तोंडून गेलं, "टेकव जरा. नाडी सुटली माझी."

त्याने टेकवलं. भिंतीला पाठ लावून धापा टाकायला लागला. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी खुब्यातून वाकलो, बुटाला हात घातला, आणि हाताला चेन लागली.

मी तसाच वाकून राहिलो. वर बघायची हिंमत होईना. बघितलं तेव्हा नाड्या माझ्या बुटांकडेच बघत होता.

"किती वेळा?" मी विचारलं.

"काय?"

"खरोखर किती वेळा सुटली होती?"

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "दोनदा," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांत दोनदा."

मी पायरीवर बसलो. कमरेमुळे नाही. "आणि त्या दिवशी? लोखंडी कपाटाच्या?"

"दुसऱ्या मजल्यालाच तुझं तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हणणार होतो रे दादा. तोंडाशी आलं होतं. पण पायात तू दिलेले बूट होते. काय सुटलं म्हणून सांगणार होतो?"

ज्या माणसाला मी तीन महिने माझ्या कमरेचा गुन्हेगार ठरवलं होतं, त्यानेच ती सव्वीस वर्षं सांभाळली होती, आणि बदल्यात चारचौघांत माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या. मला लाज वाटली. तेवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"चुकलो मी," मी म्हणालो. हे वाक्य त्याला मी पहिल्यांदाच बोललो असेन. तो इकडेतिकडे बघायला लागला. मी विचारलं, "गोदामात काय कळवलंस?"

"अजून काही नाही."

"मग असं करू. ती व्यायामाची बाई मला आकडा विचारते, तसा मी तुला विचारणार. दहापैकी. खरा सांगायचा. आणि जड झालं की थांब म्हणायचं, मोठ्याने. खालच्याचंच काम आहे ते."

"तू कधी म्हणालास?"

"मी गाढव होतो."

आम्ही पट्टे पुन्हा चढवले. मी मोजायला लागलो. पाचव्या पायरीवर विचारलं, "किती?" खालून आलं, "तीन." मी खाली बघितलं. तीन काही नव्हते ते. सहावी. सातवी. त्याचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"थांब, दादा."

आम्ही कपाट सातव्या पायरीवर टेकवलं. वरून शिक्षिकेने डोकावून विचारलं, "काय झालं, काही अडलंय का?"

"नाही बाई," मी म्हणालो, "आम्ही थांबलोय."