वनमालाचा दम

देवश्रीने फाइलमध्ये वनमालाचा दम पुन्हा नव्वद लिहिला आणि सामना परत सुरू केला. संगणकातल्या वनमालाने शेवटपर्यंत चेंडू फेकले, आदिलाबादच्या मुली पुन्हा जिंकल्या. देवश्रीचं तोंड उतरलं.

बेसबॉलच्या या गेममध्ये प्रत्येक खेळाडूची एक फाइल असते. त्यातले आकडे जसे, तसा तो खेळतो. जुने सामने हुबेहूब उतरावेत म्हणून देवश्री ते आकडे दुरुस्त करायची. नोकरी सांभाळून असले उपद्व्याप करणारी आदिलाबादजवळच्या तिच्या अख्ख्या मावला गावात ती एकटीच असावी. या वेळी तिने वडिलांनी शिकवलेला आदिलाबादच्या मुलींचा संघ घेतला होता. तिचे वडील हणमंतराव शाळेत खेळाचे शिक्षक होते. देवश्री पाळण्यात असताना, राज्याच्या अंतिम सामन्यात, हातात आलेला डाव असताना त्यांनी वनमालाला बाहेर बसवलं आणि संघ हरला. तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हमखास विचारायचंच, सर, वनमालाले काऊन बसवलं होतं? हणमंतराव ‘चुकलं माझं’ म्हणायचे आणि वाढप्याकडून भात मागून घ्यायचे.

देवश्रीला ते ऐकवत नसे. आधीच्या सामन्यांवरून काढलेला नव्वदाचा आकडा जरा खाली आणला असता तर बाबा बरोबर ठरले असते. पण खोट्या आकड्यांवर बापाची अब्रू राखणं तिला जमणारं नव्हतं. हट्टी खरी, पण कौतुक करावं असाच तो हट्ट. तिने सरळ वनमालालाच बोलावलं आणि तुमचे आकडे तुम्हीच तपासा म्हणाली.

वनमाला तलमडुगु गावच्या शेतकऱ्याची मुलगी. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागली, आता हेड कॉन्स्टेबल होती. रविवारी आली, तेव्हा हणमंतराव तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांच्या पाया पडून ती संगणकासमोर बसली. वेग बरोबर होता, नेमही. दमाच्या आकड्यावर तिचं बोट थांबलं.

“हा चुकला. त्या दिवशी खांदा वर जात नव्हता माहा.”

“राहू दे ते, वनमाला,” हणमंतराव म्हणाले.

“नाही सर. आता बोलू द्या.” ती देवश्रीकडे वळली. “घरी कळलं असतं तर बापानं खेळ बंद केला असता. म्या सरांचे पाय धरले, कोणाले सांगू नका म्हटलं. बाप गेल्यावर तरी सांगतो म्हटलं, तर सरांनी शपथ घातली. म्हणे, मंग लोकं तुले बोलतील. तवापासून सारं सरच ऐकून राह्यले.”

हणमंतराव शेंगांमध्ये डोकं घालून बसले. वनमालाने स्वतःच नव्वद खोडून वीस टाकले. देवश्रीने सामना सुरू केला.

बरोबर त्याच डावात संगणकातल्या प्रशिक्षकाने वनमालाला बाहेर बोलावलं. संघ हरला. देवश्रीला इतका आनंद झाला की तिचे डोळे भरून आले. असला बाप आपल्याच घरात भात मागून घेत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता.

“बाबा, पाहा ना. तुमी केलं तेच केलं त्यानं.”

हणमंतराव हात पुसत आले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“आता पुरा वर जाते का गं हात?” त्यांनी वनमालाला विचारलं.

वनमालाने हात उचलला. तो सरळ डोक्यावर जाईपर्यंत हणमंतराव पाहत राहिले.