माझं शून्य हरवलं तेव्हा

या, अजून थोडं जवळ या. काचेतून आत डोकावलात तरी चालेल, कापताना लोखंड गार ठेवणारं कूलंट अंगावर उडणार नाही. आत गरगर फिरतंय ते माझं स्पिंडल, कापायचं हत्यार धरून फिरणारा दांडा. आणि तुमच्याशी बोलतेय ती मी, स्वाबियाच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या कारखान्यातली सीएनसी मिलिंग मशीन. कॉम्प्युटर सांगेल तसं लोखंड कापणं हा माझा धंदा.

माझा जन्म आल्गॉयकडचा. ओतीव लोखंडाचं माझं बूड साच्यातून निघालं तेव्हा ते फार खडबडीत होतं. थंड झाल्यावर मला लगेच कामाला जुंपलं नाही. अंगातला ताण जाऊ दे, म्हणून बरेच दिवस अंगणात बर्फात तसंच राहू दिलं. मग एक म्हातारा कारागीर आला. तो माझ्या अंगावर निळा रंग फासायचा, उंचवटे कुठे राहिलेत ते शोधायचा आणि हातातल्या पोलादी पट्टीने एकेक उंचवटा खरवडून काढायचा. काम करताना शीळ घालायचा. मी केसाएवढीही चूक करत नाही असं लोक कौतुकाने म्हणतात, तेव्हा मला तो शीळ घालणारा म्हातारा आठवतो.

माझा पहिला मालक बोडेन तळ्याकाठचा. त्याने मला राबवलं खूप, पण तेल-पाणी वेळेवर केलं नाही. पुढे त्याचा कारखाना बंद पडला आणि मी ताडपत्रीखाली गेले. माझ्या वायरींच्या कपाटात एका उंदरीणबाईने संसार थाटला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिचीच काय ती सोबत होती.

एक दिवस ताडपत्री वर झाली आणि टॉर्चचा उजेड आत आला. ते होते मास्टर बेख्टले. त्यांनी बटण-बिटण काही दाबलं नाही. स्पिंडलला हात घालून ते हलकेच फिरवलं आणि कान लावला.

"ऐकलंत?" ते बरोबरच्या माणसाला म्हणाले. "मांजर गुरगुरतं तशी फिरतेय. चला, घेऊन जाऊ हिला."

तेव्हापासून मी इथे आहे. दुकानांतल्या वजनकाट्यांचे भाग बनवते. मला ओटमार चालवतो. मोठं पोट, त्याहून मोठा आवाज आणि कानांवर आवाज अडवणारे जाड टोप. सकाळच्या सुट्टीत लोणी लावलेला ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा खारा पाव, खाताना माझ्याशी गप्पा मारतो. मास्टर बेख्टले शिकाऊ लोकांना शिकवतात.

आणि दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात सिल्के आली. सिल्के हेबर्ले, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. गावातल्या बेकरीत तिने अर्धं आयुष्य पीठ मळण्यात घालवलं होतं. मालक म्हातारे झाले, मुलांना भट्टीत रस नव्हता, बेकरी बंद झाली. तेव्हा या बाईने ठरवलं की आता लोखंड शिकायचं.

पहिल्याच दिवशी ओटमार मोठ्याने म्हणाला, "नवीन शिकाऊ कुठाय? ही तर शिकाऊची आई डबा द्यायला आलेली दिसतेय."

"डबा आणलाय, पण माझाच आहे," सिल्के म्हणाली. "तुला द्यायची गरज दिसत नाही."

तिने त्याच्या पोटाकडे असं पाहिलं की सगळा कारखाना हसला. सगळ्यात जास्त ओटमारच हसला.

आमच्याकडे सीएनसी शिकायला आलेल्याच्या हातात आधी कानस देतात. एक पोलादी ठोकळा बाकाला आवळायचा आणि हाताने घासत बसायचं, तो आरपार सपाट होईपर्यंत. सिल्के माझ्यासमोरच्याच बाकावर घासायची. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मधूनच तिची नजर माझ्या हिरव्या बटणाकडे जायची. लहान मुलं मिठाईच्या दुकानाकडे बघतात ना, तशी.

"मास्टर, ते बटण दाबायला कधी मिळणार?"

"सपाट म्हणजे काय ते हाताला कळलं की."

"आणि ते कधी कळतं?"

"माझा हात अजून शिकतोय," मास्टर म्हणाले.

पहिल्या वर्षाच्या शिकाऊने माझ्या बटणांना हात लावायचा नाही, हा मास्टरांचा कडक नियम. आदल्या वर्षी एकाने ओटमार जेवायला गेल्याचं बघून बटणं दाबून पाहिली होती. तो त्याच दुपारी आपली पिशवी घेऊन घरी गेला. आणि सुरुवातीचे काही महिने तर पारखायचेच असतात. तेवढ्यात कुणालाही नारळ देता येतो.

सिल्केला हे पक्कं ठाऊक होतं. मला पुसताना ती पुटपुटायची, "इथून काढलं तर कुठे जाऊ गं मी? पाच कारखान्यांनी वय विचारून दार लावलं. हे एकच उघडं राहिलं."

मी काय बोलणार? पण तिचा फडक्याचा हात मला फार आवडायचा.

आता तुम्हाला शुक्रवारचं सांगायला हवं. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे काम थांबतं आणि साफसफाई सुरू होते. ही माणसं घरी आळीपाळीने जिना पुसतात, घरापुढचा रस्ताही झाडतात, आणि कुणी नीट झाडलं नाही तर समोरच्या खिडकीचा पडदा हलतो. तेव्हा कारखान्यातली सफाई कशी होत असेल ते तुम्हीच ओळखा. तरी बाकीचे वरवर झाडायचे. सिल्के बेकरीत वाढलेली. तिथे दुकान बंद करताना परातीसुद्धा हलवून खालचं पुसायची सवय.

त्या नोव्हेंबरातल्या शुक्रवारी माझ्या टेबलाची पाळी तिची होती. ओटमार दातांच्या डॉक्टरकडे लवकर निघून गेला होता. तिने टेबलावरचा लोखंडाचा कीस काढला, कूलंट पुसलं. मग तिची नजर व्हाइसवर गेली. व्हाइस म्हणजे कापायचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा माझा पोलादी जबडा. त्याच्या खालून काळपट चिखल डोकावत होता.

तिने पाना घेतला, बोल्ट सैल केले आणि पिठाचं पोतं उचलावं तसा व्हाइस उचलला. खाली वर्षानुवर्षांचा कीस साचला होता. तिने तो ब्रशने, फडक्याने, शेवटी नखाने काढला. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

मग तिने व्हाइस परत ठेवला. पण आधी होता तसा, कडेला, ठेवायला तिचा हात धजेना. तिने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि टेबलावरची एक खाच सोडून पुढे, बरोबर मधोमध बसवून आवळून टाकला.

"आता कशी नीटनेटकी दिसतेस!" ती म्हणाली आणि खुशीत घरी गेली.

व्हाइस कुठे बसला ते मला मागाहून कळलं, तेव्हा मात्र काहीच कळलं नाही. काचेबाहेरचं मला सगळं दिसतं, पण स्वतःच्या पोटातलं दिसत नाही. तुम्हाला तरी कुठे दिसतं? मी फक्त मोजते. व्हाइसचा एक कोपरा मला दाखवून ठेवतात, तो माझं शून्य. तिथून इतकं डावीकडे जा, इतकं खाली जा, भोक पाड. मी डोळे मिटून जाते. ते शून्य आता माझ्या पोटात कुठेतरी भलतीकडेच गेलं होतं.

सोमवारी ओटमार आला. दार उघडताच खूश झाला. "अरे वा, आरसाच केलाय! यात दाढी करता येईल." निम्मे तुकडे शुक्रवारीच कापून झाले होते, प्रोग्रॅम तोच होता. डोळे झाकून करायचं काम. त्याने सवयीने, फारसं न बघता नवा तुकडा जबड्यात आवळला, दार लावलं, कानांवर टोप चढवले.

पलीकडे फळ्याजवळ मास्टर शिकाऊंना नेमकं शून्यच समजावत होते.

"मशीन आंधळी असते. हेबर्लेबाई, बेकरीत भट्टीचं दार कुठे आहे ते डोळे मिटूनही तुमच्या हाताला कळायचं ना?"

"हो तर."

"आणि तुम्हाला न सांगता कुणी भट्टीच सरकवली तर?"

"तर हात भाज..." सिल्के मध्येच थांबली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "मास्टर, भट्टी मी सरकवलीय."

ओटमारने माझं हिरवं बटण दाबलं.

"ओटमार! थांब!" ती ओरडत धावली. पण टोपांमुळे त्याला काही ऐकू गेलं नाही, आणि त्याची पाठ वळलेली होती. माझं ड्रिल पूर्ण वेगाने निघालं होतं. खाली पोलादी जबडा. धडकले असते तर ड्रिलचे तुकडे झाले असते आणि स्पिंडलही वाचलं नसतं, आणि माझ्या वयाच्या मशीनला नवं स्पिंडल कुणी बसवत नाही.

सिल्के माझ्यापर्यंत पोहोचली. तिचा हात लाल बटणावर आला आणि अडखळला. नियम तिला आठवला असणार. पिशवी घेऊन निघून गेलेला तो मुलगाही आठवला असणार. मग तिने पूर्ण तळहाताने बटण दाबलं.

मी जागच्या जागी थांबले. ड्रिल जबड्याच्या दोन बोटं वर होतं.

"ए बाई, हात काय लावतेस!" ओटमारने टोप काढत दार उघडलं. आत पाहिलं. पुन्हा पाहिलं. "हा व्हाइस इथे काय करतोय?"

"मी सरकवला. शुक्रवारी," सिल्के म्हणाली. "खाली घाण होती. आणि परत ठेवताना... मधोमध छान दिसत होता."

"छान दिसत होता?"

"हो."

ओटमारचं पोट हलायला लागलं. मग तो असा हसला की त्याला माझा आधार घ्यावा लागला. "मास्टर, ऐकलंत? छान दिसत होता! पुढच्या शुक्रवारी ही पडदे लावेल!"

मास्टर हसले नाहीत. सिल्केने डोळ्यांवरचा कामाचा संरक्षक चष्मा काढून बाकावर ठेवला. "नियम मला ठाऊक आहे. माझा डबा घेते आणि निघते."

"कुठे निघालात?" मास्टर म्हणाले. "आणि मशीन कोण लावणार? सरकवलंत तुम्ही, शून्यही तुम्हीच शोधायचं. चष्मा घाला."

त्यांनी तिच्या हातात डायल, म्हणजे घड्याळासारखं काट्याचं मापयंत्र, दिलं. माझ्या स्पिंडलला ते लावून व्हाइसच्या जबड्यावरून फिरवायचं, आणि काटा जराही हलता कामा नये. सिल्के मऊ हातोडीने टक् करायची, काटा बघायची, पुन्हा टक् करायची. आधी काटा नाचत होता. ओटमार दोन ब्रेत्सेल संपवून तिसऱ्याकडे वळला तेव्हा काटा नुसता डुलायला लागला. तिने बोल्ट आवळले, पुन्हा एक टक् केलं, आणि काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत झोपल्यासारखा निश्चल राहिला. मग तिने माझं शून्य शोधून मला दाखवलं. आजवर कितीतरी जणांनी ते दाखवलंय. इतक्या काळजीने कुणीच नाही.

ओटमार हिरव्या बटणाकडे सरसावला.

"थांब, ओटमार," मास्टर म्हणाले. "दाब, सिल्के."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तुम्हाला त्यात विशेष वाटणार नाही, पण मास्टर बेख्टले शिकाऊंना कधी पहिल्या नावाने हाक मारत नाहीत. अहो-जाहोच करतात. पारखायचे महिने संपले आणि माणूस आपला झाला, की मगच ते "तू" म्हणतात, आणि त्या महिन्यांतला अजून बराच काळ बाकी होता.

"काय म्हणालात?" सिल्केने विचारलं.

"दाब म्हणालो. चूक सगळेच करतात. काम सुटेल हे माहीत असून बटण दाबणारे कमी असतात. आणि आता मला हेल्मुट म्हणायचं."

"हो, मास्टर."

"हेल्मुट."

"हो, हेल्मुट... मास्टर."

ओटमार पुन्हा हसत सुटला. सिल्केने एप्रनला हात पुसले आणि हिरवं बटण दाबलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती. मी निघाले. पहिलं भोक पडलं, जिथे पडायचं बरोबर तिथेच.

आता मी म्हातारी झालेय. वसंतात एक नवी, गोरीपान मशीन येणार आहे आणि वजनकाट्यांचं काम ती करेल. मला कुणी भंगारात देईल असं वाटलं होतं. पण सिल्केने मास्टरांकडे हट्ट धरला, आणि मी शिकाऊंसाठी इथेच राहणार आहे. यापुढे जो कुणी या कारखान्यात शिकेल, त्याचं पहिलं भोक माझ्या हातून पडेल. याहून मोठं भाग्य लोखंडाला काय हवं?

तुम्हीही कधी शिकायला या. वय किती ते मी विचारणार नाही. हात चुकले तर चुकू देत, मला त्याची सवय आहे. फक्त काही हलवलंत तर मला नाही सांगितलंत तरी चालेल, पण माझ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला तेवढं सांगा, आणि ओरडून सांगा, कारण त्याच्या कानांवर टोप असतात.

बरं, पुरे झाल्या गप्पा. उद्यापासून येणाऱ्या दोन मुलींसाठी सिल्के माझं टेबल पुसायला आलीय. या वेळी पाना तिने खिशातच ठेवलाय.