मालविकाची मागची बाग

“हिंचका मागच्या बागेतच लावायचा ठरवलाय,” मालविका म्हणाली. “सागवानी पाटाचा झोपाळा आहे. कड्या मांडवीच्या बाजारात मिळाल्या, जुन्या पितळेच्या. उद्या सकाळी मिस्त्री येतोय खांब रोवायला.”

“छान,” नीरा म्हणाली. तिच्या मांडीवर क्रोशाचा अर्धा विणलेला रुमाल होता आणि बोटं चालू होती. “पण या बफाऱ्यात, इतक्या उकाड्यात, कोण बसणार गं बाहेर? मी गच्चीला चुना मारून घेतला, तरी खालची खोली भट्टीसारखी.”

“चार पाऊस पडू देत. मग बघ बसायला कसं वाटतं. किचन झालं, आता बाग झाली की मी मोकळी. स्नेहल, गाद्यांना हिरवं कापड घेऊ की पिवळं? तुझी निवड चांगली असते.”

सोसायटीच्या फाटकाजवळच्या बाकावर तिघी बसल्या होत्या. गेली बारा-तेरा वर्षं रोज संध्याकाळी त्या इथे बसत. लोणच्याच्या कैऱ्या, विणकाम, कुंड्यांतली माती, कुणाच्या घरात काय नवं बसवलं, उद्या ढग येतील की नाही, असं काहीबाही बोलणं चाले. जड विषय बाकावर काढायचे नाहीत, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी काढत नसे.

“मागच्या बागेत म्हणजे स्लॅबवर?” स्नेहलतानं विचारलं.

“हो, लॉनच्या मधोमध.”

“तो स्लॅब काढ, मालविका.”

नीराची बोटं थांबली. मालविकाला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. ती हसली. “कुठला स्लॅब काढू?”

“कांसवरचा. पावसाच्या आधी काढ.”

एवढं बोलून स्नेहलता उठली आणि घराकडे चालू लागली. मागे त्या दोघी काय बोलल्या ते तिनं ऐकलं नाही.  बाजव्याजवळच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. भाजलेले, बोटं तुटलेले, दारू पिऊन आलेले, सगळे तिनं हाताळले होते. तिथे तिची ख्याती एकच होती, मोहिते सिस्टरचा आवाज कधी चढत नाही. आजही चढला नव्हता. पण कुलपाला किल्ली लागत नव्हती.

सोसायटीच्या मागून एक कांस जायची. पावसाचं पाणी विश्वामित्री नदीकडे नेणाऱ्या ओढ्याला बडोद्यात कांस म्हणतात. मालविकाचा बंगला उंचवट्यावर आणि उताराला, खोलगटात, स्नेहलताची टेनामेंटची, जोडघरांची गल्ली. गल्लीतलं पाणी बंगल्यामागच्या खोल कांसमधूनच पुढे नदीकडे जायचं. चार वर्षांपूर्वी मालविकाच्या यजमानांनी, प्रतापसिंहरावांनी, आपल्या बंगल्यामागच्या कांसमध्ये दोन पाईप टाकले, वर स्लॅब ओतून कडेला जेमतेम घमेलं जाईल एवढं झाकण ठेवलं, स्लॅबवर माती पसरून लॉन लावलं आणि कुंपण पुढे सरकवलं. जुन्या सरदार घराण्यातला माणूस, वागायला मोठा अदबशीर. कुणी हरकत घेतली नाही. उलट बागेच्या पूजेला सगळी सोसायटी जेवायला गेली होती. स्नेहलताही गेली होती. अनवाणी त्या गवतावर चालून ती म्हणाली होती, किती मऊ आहे गं.

गेल्या ऑगस्टात पूर आला. सगळ्या गावालाच आला. रघुनाथरावांची, तिच्या नवऱ्याची, फुप्फुसं तेव्हा निकामी होत आली होती. विजेवर चालणाऱ्या यंत्रातून त्यांना प्राणवायू द्यावा लागे. वीज गेली. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून वरच्या खोलीत नेलं. घरात एक सिलिंडर होता. प्रवाह बारीक ठेवून, पुन्हा बारीक करून, तिनं तो जितका पुरवता येईल तितका पुरवला. दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली आणि गावातलं पाणी उतरायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाची गाडी मालविकाच्या फाटकापर्यंत येऊन गेली. रस्ते धुऊन निघाले होते. आणि स्नेहलताच्या गल्लीत कमरेएवढं पाणी तसंच उभं होतं. जायला वाटच नव्हती त्याला.

“पाणी उतरलं का?” रघुनाथराव विचारायचे. बोलताना त्यांचे ओठ निळे व्हायचे.

“उतरतंय,” ती म्हणायची.

ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. पुढे येईना. गल्लीतल्या चौघांनी खाट खांद्यावर घेतली आणि ते पाण्यात उतरले. स्नेहलता छातीशी पदर धरून खाटेच्या बाजूनं चालत होती, हात त्यांच्या मनगटावर. अर्ध्या वाटेत नाडी थांबली. ते तिला कळलं, पण ती कुणाला काही बोलली नाही. ती बोलली असती तर खाट वाहणारे थांबले असते, आणि त्यांना त्या पाण्यात थांबवायचं तिला नव्हतं.

दहाव्याला, तेराव्याला मालविका आली, गळ्यात पडून रडली. महिनाभर डबे पाठवले. मग पुन्हा बाक. स्नेहलता बसत राहिली, क्रोशाबद्दल आणि थंडीबद्दल बोलत राहिली. दिवसा घरात एकटं बसवत नव्हतं म्हणून ती जायची, आणि परत येताना दर वेळी पोटात निखारा घेऊन यायची. संक्रांतीनंतर एकदा तिनं प्रतापसिंहरावांना रस्त्यात गाठून स्लॅबबद्दल विचारलं होतं. “दोन पाईप आहेत ना वहिनी, पाणी जातं,” ते म्हणाले होते. “निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?”

आणि आता हिंचका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मालविकाच्या बंगल्याच्या बाजूच्या बोळातून सरळ मागच्या बागेत गेली. मिस्त्री आणि त्याचे दोन मजूर खुणा करत होते. वऱ्हांड्यातली वेताची खुर्ची तिनं उचलून आणली, लॉनच्या मधोमध, चुन्यानं फुली मारली होती तिथे ठेवली, आणि बसली.

मिस्त्री दाहोदकडचा होता, वयस्कर. तो जवळ आला. “बेन, थोडुं खसशो? जरा सरका, इथे खांब येणार.”

“खांब येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सावलीत बसा, भाई.”

मालविका चहा घेऊन बाहेर आली. रात्री झोप लागली नसावी, डोळे सुजले होते. “बरं झालं आलीस,” ती म्हणाली, जणू बोलावणंच पाठवलं होतं. “ऊन लागेल, आत चल. नाश्ता कर. नीरालाही बोलावते.”

“मी नाश्त्याला आले नाही.”

चहा गवतावर ठेवून मालविका आत गेली. मग नीरा आली, धापा टाकत, हातात विणकामाची पिशवी तशीच. तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि म्हणाली, “आज तरी ढग दिसतायत नाही?”

“बोल,” स्नेहलता म्हणाली. “हवेबद्दल बोल. मला चालेल. मी इथेच बसून ऐकते.”

“असं नको करूस गं. इतक्या वर्षांचं आपलं. पूर काय तिनं आणला का?”

“पूर नाही आणला. पूर गेला तेव्हा माझ्या गल्लीतलं पाणी तिनं ठेवून घेतलं.”

नीरानं मान खाली घातली. तिचं घर चढावर होतं. त्या तिसऱ्या दिवशी ती गच्चीत ओले गालिचे वाळत घालत होती, आणि गल्लीतून खाट जाताना तिनं पाहिली होती.

ऊन चढलं. स्नेहलताचा ब्लाउज पाठीला चिकटला. प्रतापसिंहराव बाहेर आले, इस्त्रीच्या सदऱ्यात, हात जोडून. “वहिनी, आपल्या दुःखाची आम्हाला कल्पना आहे. पण आपण असं दुसऱ्याच्या अंगणात...”

“हे तुमचं अंगण नाही, कांस आहे.”

“आपण थकलेल्या आहात. मी गाडीतून घरी सोडतो.”

“घरी जायला मला गाडी लागत नाही, भाऊसाहेब. उतार आहे. इथलं सगळं आपोआप माझ्या दारात येतं.”

त्यांचा चेहरा लाल झाला. ते मिस्त्रीला म्हणाले, “काम चालू करा.” मिस्त्रीनं ड्रिल हातात घेतलं, खुर्चीपर्यंत आला, तिच्या पायांकडे पाहिलं आणि ड्रिल खाली ठेवलं. “साहेब, बाईमाणूस बसलीय. माझ्याच्याने नहीं थाय.”

तेव्हा मालविका आतून तरातरा आली. डोक्याला बांधलेला ओला रुमाल तिनं काढून फेकला.

“दहा महिने,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “दहा महिने तू माझ्या शेजारी बसलीस. माझ्या हातचं खाल्लंस. माझ्या पडद्यांचे रंग निवडलेस. आणि मनात हे होतं?”

“हो.”

“रोज?”

“रोज. तू गवताला पाणी किती लागतं ते सांगायचीस तेव्हा जास्त.”

“मग बोलायचं होतंस.”

“काल बोलले. तू गाद्यांचा रंग विचारत होतीस.”

 मालविका मिस्त्रीकडे वळली. “तिथे कोपऱ्यात फोडा. एक माणूस उतरेल एवढं भोक पाडा. पाईप मोकळे आहेत ते सगळ्यांना दिसू दे. ही डोळ्यांनी बघेल आणि मग माझ्या घरातून जाईल.”

“मालविका, काही गरज नाही,” प्रतापसिंहराव म्हणाले.

“आहे. मी ऐकून घेणार नाही. दाखवा तिला.”

हातोड्याचे घाव सुरू झाले. गवताचा एक चौकोन निघाला, माती निघाली, मग काँक्रीट तडकलं. स्नेहलता खुर्चीवरून उठून कडेला येऊन उभी राहिली. आतून कुजका, दमट वास आला. धाकटा मजूर कमरेला दोर बांधून खाली उतरला. थोडा वेळ नुसता फावड्याचा खरखराट ऐकू आला.

“काका,” तो खालून म्हणाला, “पाईप तो बंध छे.”

“गाळ असेल,” प्रतापसिंहराव म्हणाले. “गाळ येतोच.”

पहिलं घमेलं वर आलं. त्यात गाळ होता, आणि गाळात विटांचे तुकडे. दुसऱ्या घमेल्यात सिमेंटचे गोळे. तिसऱ्यात फरश्यांचे तुकडे होते. मिस्त्रीनं बादलीतलं पाणी त्यावर ओतलं. पिवळट पांढऱ्या फरश्या, कडेला जांभळ्या द्राक्षांचे घोस.

ती द्राक्षं तिथल्या तिघींच्याही ओळखीची होती. मालविकाच्या जुन्या किचनमध्ये ओट्यामागे त्या फरश्या होत्या. त्यांच्याकडे तोंड करून तिघींनी दिवाळीच्या करंज्या तळल्या होत्या. पुराच्या आधीच्या हिवाळ्यात किचन फोडलं, तेव्हा राबिट, तो सगळा राडारोडा, कुठे गेला हे कुणी विचारलं नव्हतं. कंत्राटदारानं एका दिवसात सगळं साफ करून दिलं, किती चटपटीत माणूस आहे, असं मालविका बाकावर सांगत होती.

नीरा “अगं आई गं” असं हळूच म्हणाली आणि खुर्चीत बसली.

“हे त्या कंत्राटदाराचं काम,” प्रतापसिंहराव म्हणाले. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. “आम्हाला काय माहीत त्यानं झाकण उघडून आत...”

“माहीत करून घ्यायचं होतं,” स्नेहलता म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, तो तिचा तिलाच अनोळखी वाटला. “संक्रांतीनंतर मी तुम्हाला रस्त्यात विचारलं. झाकण उघडून बघायला किती वेळ लागला असता? तुम्ही मला निसर्ग सांगितलात. माझा माणूस लोकांच्या खांद्यावर, पाण्यात मेला, आणि तुम्ही मला निसर्ग सांगितलात.”

 शेजारच्या बंगल्याच्या गॅलरीत एक बाई येऊन उभी राहिली होती, ती आत गेली.

मालविका घमेल्याशेजारी उकिडवी बसली होती. तिनं एक तुकडा उचलला, अंगठ्यानं पुसला. “स्नेहल,” ती म्हणाली, “मला खरंच माहीत नव्हतं.”

“मला ठाऊक आहे. तुला माहीत नव्हतं. म्हणून तर इतका राग येतो. ठरवून केलं असतंस तर एकदा शिव्या घालून मी मोकळी झाले असते.”

मालविकानं तुकडा परत घमेल्यात ठेवला. रडेल असं वाटत होतं, पण ती रडली नाही. उठून तिनं साडीचा काठ झटकला आणि मिस्त्रीला म्हणाली, “सगळा काढा. पूर्ण स्लॅब. कुंपण होतं तिथे परत न्या.”

“मालविका, जरा आत ये,” प्रतापसिंहराव म्हणाले.

“सगळा,” ती पुन्हा म्हणाली आणि आत गेली. दार तिनं लावून घेतलं.

स्नेहलतानं पदर खोचला. खालून घमेलं आलं, ते तिनं मजुराच्या हातातून घेतलं. मिस्त्री नको नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. ढिगापर्यंत नेऊन ओतायचं, रिकामं परत द्यायचं. दुसरं घ्यायचं. चप्पल गाळात रुतली, ती तिनं तशीच सोडली. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत गेला, तरी ती थांबली नाही. दर घमेल्यासरशी वाटायचं, आता राग थोडा उतरेल. उतरत नव्हता. पलीकडून पाईपमधून सळई आरपार गेली आणि मजुरानं ओरडून सांगितलं, तेव्हा ती थांबली.

नीरा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तिच्यासोबत आली. तिनं विणकामाची पिशवी छातीशी धरली होती. “संध्याकाळी...” असं म्हणून ती अडखळली.

“नाही येणार,” स्नेहलता म्हणाली.

नीरानं मान हलवली. “आवजो,” ती रोजच्या निरोपाच्या सवयीनं म्हणाली आणि चढावाकडे वळली.

घरी आल्यावर स्नेहलता न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून पाय त्याखाली धरले. काळा गाळ नखांत, टाचेच्या भेगांत घट्ट बसला होता. एक हात भिंतीला टेकवून ती वाकली आणि एकेक बोट चोळू लागली. पायाखालून काळं पाणी वाहत होतं, मग राखी, मग मातकट. स्वच्छ पाणी यायला लागलं तरी ती चोळतच राहिली.