हलक्या हाताची सुई

घड्याळकाकांचा हात हलका आहे, असं अख्खी बाग म्हणायची. रोज सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक कंपू होता. फेऱ्या मारून झाल्या की सगळे कोपऱ्यातल्या लांब बाकाशी जमत. तिथे घड्याळकाका मांडीवर लाकडी डबी उघडून बसलेले असत. डबीत साखर तपासायचं मशीन, स्पिरिटचा बोळा आणि बोट टोचायचं पेन. पट्ट्या ज्याच्या त्याने आणायच्या, टोचणं फुकट. म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे बोटं पुढे करून रांगेत उभे राहत. कुणाची साखर वाढली की बाकीचे त्याला घरी काय काय चोरून खाल्लं ते विचारत, आणि कमी भरली की तो दिवसभर ताठ मानेने फिरे.

काकांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. दुकान विकलं, पण बोटं स्वस्थ बसेनात, म्हणून मुलाने आईवडिलांच्या मधुमेहासाठी आणून दिलेलं मशीन त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं. सुनेलाही त्याचं कौतुकच होतं. रस्त्याने जाताना लोक तिला थांबवून सांगत, तुझ्या सासऱ्यांनी टोचलेलं कळतसुद्धा नाही गं. आणि घरात त्यांचा जो चिक्कूपणा, तो जगजाहीर होता. साबणाची चकती नव्या वडीला चिकटवणं, चिंधीचाही बोळा धुऊन वाळत घालणं. चहात माशी पडली तर हे तिला पिळून मग उडवतील, असं सासूबाई म्हणायच्या, आणि सगळ्यांत आधी हसायचे ते काकाच.

मग सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात तसं तपासलं, आणि दवाखान्यातल्या बाईंनी सुनेला बाजूला बोलावून आवाज खाली केला. हिपॅटायटीस बी. रक्तातली कावीळ. डॉक्टरांनी नीट समजावलं. हा विषाणू रक्तावाटे पसरतो. ताटातून, पेल्यातून, शेजारी बसल्याने पसरत नाही. ऑपरेशन करता येईल, आधी यकृताच्या तपासण्या होऊ देत. घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या, आणि ज्यांना नाही त्यांनी लस टोचून घ्या. मग फाइल मागे उलटत ते म्हणाले की दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या वेळी हे नव्हतं. मधल्या काळात कुठूनतरी आलंय.

कुठूनतरी. हा शब्द घरी पोचला आणि घरातल्यांनी त्याला लगेच पत्ता दिला. मधल्या काळात सुनेचं बाळंतपण झालं होतं. रक्तस्राव फार झाला म्हणून तिला बाहेरचं रक्त चढवलं होतं. सासूबाई नातेवाइकांशी फोनवर बोलताना, ती ऐकत्येय हे माहीत असूनही म्हणाल्या, परक्याचं रक्त, काय काय घेऊन येईल कुणाला ठाऊक. संध्याकाळी तिचा कप वरच्या फळीवरून खालच्या फळीवर गेला. एकटा, उपडा. नवऱ्याने ते पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

तिने दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं, नवऱ्यालाही ओढून नेलं. दोघांचेही रिपोर्ट स्वच्छ आले. तिने आपला कागद जेवणाच्या टेबलावर सगळ्यांच्या समोर ठेवला. सासूबाईंनी तो बघितला आणि आमटीचं भांडं पुढे सरकवलं. चुकलं आमचं, एवढंसुद्धा कुणी म्हणालं नाही. कप खालच्या फळीवरच राहिला. काकांनी तर रक्तच दिलं नाही. मला काय धाड भरलीये, म्हणाले.

तिने रसायनशास्त्र घेऊन पदवी केली होती. पण लेक, चिमणी, झाल्यापासून तिला खरी पदवी मिळाली होती ती पाळत ठेवण्याची. घरात कोण शिंकलं, कुणी हात न धुता बाळाला उचललं, दुधाची बाटली किती उकळली, सगळं तिच्या नजरेत. नवरा तिला हवालदारीण म्हणायचा. आता हवालदारणीच्या अंगात संताप भरला होता आणि तिला उत्तर हवं होतं. माझ्यातून नाही आलं. मग कुठून आलं?

तिने आधी कावीळ समजून घेतली. वाचता वाचता तिला कळलं की ही आडनावबंधू मंडळी आहेत. आडनाव एक, घरं वेगळी. ए आणि ई घाणेरड्या पाण्यातून, अन्नातून येतात. बी आणि सी रक्तातून. आणि लोक एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी मारतात. तिला बागेतल्या कंपूतले बेकरीवाले आठवले. चार महिन्यांपूर्वी त्यांचे डोळे हळदीसारखे झाले होते. बाहेरचं पाणी बाधलं, असं त्यांनीच ठरवलं आणि उसाचा रस पीत पडून राहिले. कुठली कावीळ ते कुणी तपासलंच नव्हतं.

त्या दुपारी चिमणी झोपल्यावर ती चहा द्यायला सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते खिडकीशी, जुन्या कामाच्या टेबलावर वाकले होते. डोळ्याला भिंग लावलेलं. बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून ते बारीक दगडावर घासत होते, हळूहळू, गोल गोल. घड्याळाचा एखादा भाग असेल म्हणून ती सहज वाकली. ती सुई होती. बोट टोचायच्या पेनातली.

ते काय करताय, असं तिने विचारलं. काकांचा चेहरा उजळला. घरात त्यांच्या कारागिरीची चौकशी कुणी करत नसे. त्यांनी भिंग काढून तिला दिलं आणि बघ म्हणाले. कंपनीची सुई चार-सहा वेळा टोचली की बोथट होते. मूर्ख लोक फेकतात. मी धार लावतो. पुन्हा नवीन. माझ्या सुईचं टोक कंपनीच्या टोकापेक्षा बारीक आहे, म्हणून तर कुणाला दुखत नाही.

"आणि एका माणसाला एक सुई?" तिने विचारलं.

"मधे बोळा फिरवतो की. स्पिरिटचा," ते म्हणाले. "इतका काही मी अडाणी नाही."

तिने भिंग डोळ्याला लावलं नाही. हातात धरून उभी राहिली. पेनाच्या टोपणाच्या आत, जिथे बोळा कधीच पोचत नाही, तिथे एक तपकिरी कड दिसत होती. त्यासाठी भिंग लागत नव्हतं. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू आठवडाभर तग धरतो, हे तिने आदल्याच रात्री वाचलं होतं. आई पण ह्याच पेनाने साखर बघतात, असं ती मनात म्हणाली. आणि सगळी बाग.

काका खुशीत होते. बोलता बोलता म्हणाले, "चिमणीचीसुद्धा बघितली होती एकदा. एवढी गोड पोर, म्हटलं बघू तरी किती साखर आहे. रडलीसुद्धा नाही. आजोबाचा हात."

चहाचा कप तिने टेबलावर ठेवला. कसा ठेवला ते तिला नंतर आठवेना. पाळण्यापाशी जाऊन तिने झोपलेल्या पोरीची दहाही बोटं एकेक करून उलगडून पाहिली. काहीच नव्हतं. हलका हात. तिला वाटलं, आत्ता परत जावं आणि ती डबी खिडकीतून भिरकावून द्यावी.

त्याऐवजी तिने बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं की जन्मल्या जन्मल्याचा डोस आणि पुढचे सगळे दिलेत ना. दिले होते. एकही चुकू दिला नव्हता. पोरीला साधा ताप आला तरी ती रिक्षा करून दवाखान्यात न्यायची आणि नवऱ्याकडून अतिकाळजीबद्दल टोमणे खायची. मग लसीने तिला सांभाळलेलं असणार, डॉक्टर म्हणाले, तरी मनाच्या समाधानासाठी रक्त बघून घेऊ. फोन ठेवल्यावर ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडली. रडून झाल्यावर राग तसाच होता, उलट धुऊन स्वच्छ झालेला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग विचारलं, चिमणी ठीक आहे ना? आहे, ती म्हणाली. त्याने श्वास सोडला. मग मी बाबांना सांगतो, तो म्हणाला, पेन बंद करा म्हणून. गुपचूप. गावभर कशाला करायचं? त्यांनी काही मुद्दाम केलेलं नाही. ह्या वयात माणसाची अब्रू काय राहील? आपलेच दात, आपलेच ओठ.

"बागेतल्यांना कोण सांगणार?" तिने विचारलं.

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत सुई आहे," ती म्हणाली. "माझ्यावर संशय आला तेव्हा मूठ कुणी झाकली नव्हती. फोन करकरून सांगितलं होतं सगळ्यांना."

तो म्हणाला की तू सूड उगवत्येस. ती म्हणाली, असेल. पण त्या रांगेत कुणाची तरी नातसून गरोदर असेल, कुणाची बायको आजारी असेल, आणि ते आजोबा घरी जाऊन त्याच हाताने स्वतःच्या वस्तऱ्याने दाढी करत असतील, तो वस्तरा मुलगा उचलत असेल. आपल्याला आहे की नाही, हे ज्याला कळलंच नाही त्याने औषध कसं घ्यायचं? घरच्यांनी लस कशी घ्यायची? तुझ्या पोरीला लस होती. त्यांना काय आहे? बाबांची अब्रू?

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांना एकाच डोळ्याने दिसत होतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. त्या आल्या तशा आत वळल्या. पण नंतर ती पाणी प्यायला गेली तेव्हा खालच्या फळीवर दोन कप होते. तिच्या शेजारी सासूबाईंचा. तिला आणखीच चीड आली. हे असं भोगून दाखवायची काय गरज? तोंड आहे ना माणसाला? तिने दोन्ही कप उचलून दणकन वर ठेवले.

सकाळी तिने चिमणीला ढकलगाडीत घातलं आणि बागेची वाट धरली. काका पुढे गेलेच होते, डबी घेऊन. मुलाने रात्री सांगितलं होतं, त्यांनी ऐकूनही घेतलं होतं, आणि तरी बाकावर डबी उघडी होती. रांगेत पहिल्या असलेल्या पोस्टमास्तरांचं बोट पुढे झालं होतं. तिने सरळ मधे जाऊन पेन उचललं.

"थांबा. कुणीही टोचून घेऊ नका," ती म्हणाली, आणि सांगून टाकलं. सुई एकच असते. तिला धार लावली जाते. त्यातून रक्तातली कावीळ पसरू शकते. तुम्ही सगळ्यांनी तपासून घ्यायला हवं, आजच.

क्षणभर कुणाला कळलं नाही की हसायचं की काय करायचं. मग बेकरीवाले म्हणाले की सूनबाई, आम्ही ह्यांना चाळीस वर्षं ओळखतो. निवृत्त हेडमास्तरीणबाई म्हणाल्या की शिकलेल्या मुलींना हल्ली जिकडे तिकडे जंतूच दिसतात. कुणीतरी मागून पुटपुटलं, घरात पटत नसेल.

सगळे काकांकडे वळले. काका डबीकडे बघत होते.

"मी प्रत्येकाला नवी सुई लावतो," ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाला, सासऱ्याला, चारचौघांत खोटारडा म्हणायचं कसं? आणि म्हटलं तर ह्यांच्यातला कोण विश्वास ठेवेल? ती तोंड उघडणार तोच मागून आवाज आला.

"नवी?"

सासूबाई होत्या. छत्रीचा आधार घेत, फाटक धरत, अर्ध्या नजरेने एकट्या चालत आल्या होत्या. त्यांनी वाकून डबी ओढून घेतली, आतला मखमलीचा कप्पा उचलला, आणि खालचा दगड आणि सुयांचं पुडकं बाकावर ओतलं.

"हा माणूस साबणाची चकती टाकत नाही. हा सुई टाकेल?" त्या म्हणाल्या. दोघेतिघे सवयीने हसले. "हसू नका. मला झालीये. ती रक्तातली कावीळ. दोन वर्षांपूर्वी नव्हती. माझं बोट ह्यांच्याशिवाय कुणी टोचत नाही. मी सुनेवर आळ घेतला, तिचं रक्त स्वच्छ निघालं. आता तुमच्यातल्या कुणाकडून मला आली की माझ्याकडून तुम्हाला गेली, ते ह्या सुईला विचारा."

पोस्टमास्तरांनी पुढे केलेलं बोट मुठीत घेतलं. हेडमास्तरीणबाई स्वतःच्या बोटांची टोकं न्याहाळत होत्या. बेकरीवाले मटकन बाकावर बसले. माझी पाण्याची होती, असं ते म्हणाले, मग पुन्हा म्हणाले, पण तेवढ्या खात्रीने नाही.

"मला वाटलं, धार लावली की स्वच्छ होते," काका म्हणाले. हे खरं होतं. तिला ते ऐकताक्षणीच कळलं. घड्याळातली प्रत्येक गोष्ट घासली की स्वच्छ होते. पण काल रात्रीपासून त्यांना माहीत होतं, आणि तरी डबी उघडी होती. तिला दया आली नाही. पुढेमागे येईलही. आत्ता मनात दयेला जागा नव्हती.

आरोग्य केंद्र बागेच्या मागच्या रस्त्यावरच होतं. ती म्हणाली, चला. कुणी हललं नाही, तेव्हा तिने पेन, दगड आणि सुया रुमालात बांधून गाडीच्या कप्प्यात टाकल्या, पोरीपासून लांब, आणि चालू लागली. फाटकापाशी वळून पाहिलं तेव्हा सासूबाईंच्या मागे सगळे येत होते, एकमेकांशी न बोलता. सगळ्यात शेवटी काका, हातात रिकामी डबी.

केंद्रातल्या नर्सने प्रत्येकासाठी नवी सुई वेष्टनातून फाडली, रक्त घेतलं आणि लगेच सुई टेबलावरच्या कटरमध्ये घालून तिचे तुकडे केले. कट्. पुढचा. कट्. बेकरीवाल्यांनी डोळे मिटून घेतले होते. पोस्टमास्तर विचारत होते की रिपोर्ट बायकोला दाखवावाच लागतो का.

काकांचा नंबर आला तेव्हा ते दारातच थांबले. टोचणाऱ्याला टोचून घ्यायची सवय नव्हती. सासूबाईंनी त्यांना कोपराला धरून खुर्चीत बसवलं. सुई आत गेली तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. पण नर्सने ती कटरकडे नेली तशी त्यांची बोटं आपोआप उचलली गेली, अगदी थोडी, थांब म्हणायला उचलतात तशी.

सुनेने ती बोटं पाहिली. काकांनी तिने पाहिलेलं पाहिलं. त्यांनी हात मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला.

कट्.

"पुढचं कोण?" सून दारात जाऊन म्हणाली.